हलतं ठेवा, पण थांबवायचं बटण वाचकाच्या हातात द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधल्या एका मराठी मंडळाची साइट नव्याने बांधली जाते आहे. मुखपृष्ठावर सगळ्यात वर सूचनांची सरकती पट्टी, तिच्याखाली आपोआप फिरणारा पाच फोटोंचा स्लायडर, मग अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा (मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यांचा), उघडल्या उघडल्या आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ. खाली गणेशोत्सवाचं काउंटडाउन, शून्यापासून पळत वर जाणारे सभासदसंख्येचे आकडे आणि प्रत्येक ताज्या बातमीपुढे लुकलुकणारं ‘नवीन’. दोन तक्रारी आल्या. एका दृष्टिहीन सभासदाला कार्यक्रमाच्या नोंदणी फॉर्मपर्यंत पोचताच येत नाही, आणि राजेंद्रनगरच्या एका काकूंना पान खाली सरकवलं की गरगरायला लागतं. अध्यक्ष म्हणतात, हे सगळं काढलं तर साइट मेल्यासारखी दिसेल. विचारणाऱ्या ताई कार्यकारिणीत आहेत आणि साइटचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आहे. काय ठेवायचं, काय काढायचं, आणि ‘ॲक्सेसिबिलिटी विजेट’ (साइट दिव्यांगांना सोयीची करतो म्हणून वरून चिकटवायचं तयार साधन) विकत घेतलं तर भागेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी इंदुरातच साइटी तपासून देण्याचं काम करते. तुमच्या मंडळासारखं मुखपृष्ठ माझ्यासमोर इतक्यांदा आलं आहे की यादी वाचतानाच पान डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आधी अध्यक्षांची बाजू. त्यांचं सगळंच चूक नाही. हालचालीने लक्ष जातं, एखादी गोष्ट शब्दांपेक्षा लवकर समजते, आणि ज्यांना लांबलचक मजकूर वाचणं जड जातं त्यांना तर छोटं ॲनिमेशन मदतच करतं. सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, नियमांनीही हालचालीला बंदी घातलेली नाही. मला प्रत्येक हलत्या गोष्टीबद्दल एवढंच पाहायचं असतं, की वाचकाला ती थांबवता येते का, आणि थांबवल्यावर त्याचं काही हुकतं का. तुमच्या पानावरच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी पहिल्याच प्रश्नाला नापास होतात.

त्यासाठी जगभर ज्या नियमावलीचा आधार घेतात ती डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची डब्ल्यूसीएजी. तिच्या २.२.२ क्रमांकाच्या नियमानुसार जी गोष्ट आपोआप हलायला, लुकलुकायला किंवा सरकायला लागते, पाच सेकंदांहून जास्त वेळ चालते आणि पानावरच्या इतर मजकुरासोबत दिसत असते, ती थांबवण्याची किंवा लपवण्याची सोय हवी. २००८ च्या आवृत्तीपासून हा नियम आहे आणि तो ‘ए’ पातळीचा, म्हणजे किमान पायरीचा आहे. शिवाय तो पानावरच्या प्रत्येक गोष्टीला लागू होतो. कोपऱ्यातली प्रायोजकाची जाहिरात तुम्ही बनवलेली नाही म्हणून सुटत नाही, कारण एका हलत्या कोपऱ्यामुळे काही लोकांना अख्खं पान वाचता येत नाही.

आता सरकत्या पट्टीकडे येऊ. तिचा त्रास दृष्टिहीनांना होतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीची, मार्की टॅगची (मजकूर सरकवणाऱ्या जुन्या कोडची) पट्टी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, साध्या वाक्यासारखी वाचून दाखवतो, कारण त्याच्या लेखी ती हलतच नाही. तिचा जाच होतो तो कमी दिसणाऱ्यांना. पान चारपट मोठं करून वाचणाऱ्याच्या खिडकीत एका वेळी दोन-तीन शब्द मावतात, आणि तेही पळत असतात. हात कापणाऱ्या माणसाला सरकत्या लिंकवर बोट टेकवता येत नाही. ज्याचं लक्ष चटकन विचलित होतं, त्याला पट्टीखालचा परिच्छेद वाचता येत नाही. आणि ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ इथून सुरू होणारी आपली सरकारी थाटाची वाक्यं सरकत जाईपर्यंत मुद्द्याचा शब्द यायला इतका वेळ लागतो, की डोळस माणूसही नाद सोडतो.

नवीन थीममध्ये (साइटच्या तयार साच्यात) ही पट्टी सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने, केलेली असते, तिथे मात्र दृष्टिहीनांचाही घोटाळा होतो. पट्टी अखंड फिरतेय असं दिसावं म्हणून मजकुराची दुसरी प्रत मागे जोडलेली असते, आणि स्क्रीन रीडर प्रत्येक सूचना दोनदा वाचतो. काही डेव्हलपर दुसऱ्या प्रतीला ‘आरिया-हिडन’ (स्क्रीन रीडरपासून लपवणारी खूण) लावून मोकळे होतात, पण तिच्यातल्या लिंका टॅबची कळ दाबत जाणाऱ्याच्या वाटेवर तशाच राहतात. मग कीबोर्डवाला माणूस अशा लिंकवर जाऊन उभा राहतो जिचं नाव स्क्रीन रीडर सांगतच नाही. दुसऱ्या प्रतीला ‘इनर्ट’ लावा, म्हणजे ती वाचनातूनही जाते आणि टॅबमधूनही. पण खरं विचाराल तर पट्टीच काढा. तिच्या जागी शेवटच्या तीन सूचना, तारखेसकट, एकाखाली एक. जागा जवळपास तेवढीच लागते आणि अध्यक्षांची सूचना पहिल्यांदाच पूर्ण वाचली जाते.

तुमच्या दृष्टिहीन सभासदाची अडचण बहुधा स्लायडरमध्ये आहे. कशी, ते नीट सांगते, कारण बैठकीत हेच समजावावं लागेल.

विंडोजवर एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे, त्यात मराठी आवाजही चालतो. तो लावा, स्क्रीन बंद करा आणि पान उघडा. पहिल्या स्लाइडचं शीर्षक ऐकू येतं. खालच्या बाणाने पुढची ओळ ऐकायला लागता, ‘कोजागरीनिमित्त शनिवारी सायंकाळी’ इथपर्यंत येता, आणि तेवढ्यात स्लाइड बदलते. ज्या ओळीवर तुम्ही होता ती आता पानावर नाही. वाचन कुठेतरी भलतीकडेच जाऊन पडतं, कधी मेन्यूत, कधी पानाच्या सुरुवातीला. पुन्हा खाली यायचं, पुन्हा अर्धं वाक्य. त्यातून थीमवाल्याने चांगल्या हेतूने स्लायडरला ‘आरिया-लाइव्ह’ (बदल झाला की तो आपणहून वाचून दाखवायला सांगणारी खूण) लावलेलं असेल, तर दुसरीच गंमत होते. तुम्ही स्लायडर ओलांडून खाली फॉर्मवर आलात, नावाच्या रकान्यात टाइप करताय, आणि दर चार सेकंदांनी वरून घोषणा होते, ‘स्लाइड तीन, पाचपैकी, वार्षिक स्नेहसंमेलन’. रकान्याचं नाव ऐकू यायच्या आत दुसरी घोषणा. माझा अंदाज आहे की तुमचे सभासद फॉर्मपर्यंत पोचतात, पण तो त्यांना ऐकूच येत नाही. वर झांक्यांच्या व्हिडिओतला ढोल वाजतच असतो, त्याच्याकडे पुढे येते.

उपाय दोन आहेत. सोपा आणि मला आवडणारा हा, की स्लायडर आपोआप फिरवायचाच नाही. पुढे-मागे अशी दोन बटणं द्या, ज्याला बघायचं तो बघेल. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाने २०१३ मध्ये आपल्या मुखपृष्ठाच्या स्लायडरवरचे क्लिक मोजून प्रसिद्ध केले होते. पान उघडणाऱ्यांपैकी साधारण एक टक्का लोक स्लायडरवर क्लिक करत होते, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच स्लाइडवर. म्हणजे चौथ्या-पाचव्या फोटोवरून कार्यकारिणीत जी भांडणं होतात, ती ज्या फोटोंकडे कोणी बघत नाही त्यांच्यावरून होतात. (हे बैठकीत माझं नाव घेऊन सांगू नका.)

फिरवायचाच असेल, तर मग पुरतं काम करावं लागतं. ‘थांबवा’ हे बटण स्लाइडच्या आधी यायला हवं, म्हणजे टॅब दाबत येणाऱ्याला ते सगळ्यात पहिलं सापडेल. बटणाचं नाव मराठीत आणि स्पष्ट लिहा, ‘स्लाइड फिरणं थांबवा’, आणि दाबल्यावर तेच ‘पुन्हा फिरवा’ व्हायला हवं. माउस वर नेला की थांबतो, हे पुरेसं नाही. माउस बाजूला नेला की तो पुन्हा फिरणार, म्हणजे वाचकाने बाकीचं पान सोडून स्लायडर धरून बसायचं का? नियमावलीच्या स्पष्टीकरणातही अशा थांबण्याला थांबण्याची सोय मानलेलं नाही. कीबोर्डचा फोकस (टॅबने आपण जिथे पोचलो ती जागा) स्लायडरच्या आत आला की फिरणं आपोआप थांबावं आणि वाचकाने सांगेपर्यंत परत सुरू होऊ नये. फिरत असताना ‘आरिया-लाइव्ह’ बंद, थांबवून हाताने पुढे जाताना ‘पोलाइट’, म्हणजे चालू वाचन न तोडता सांगणारं. न दिसणाऱ्या चार स्लाइड कीबोर्डपासूनही लपलेल्या असाव्यात. आणि खालच्या त्या पाच ठिपक्यांना नावं द्या, नाहीतर एनव्हीडीए नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणत बसतो.

जाता जाता एक. तुमच्या स्लाइड म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरलेली पोस्टरंच असतील, तारीख-वेळ-स्थळ सगळं चित्रात छापलेलं. ती हलोत की थांबोत, दृष्टिहीनाला त्यातलं काहीच मिळत नाही. तेवढी माहिती खाली मजकुरात लिहाच.

व्हिडिओवर जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे प्रश्न सोयीचा राहत नाही, जिवावर बेतू शकतं.

आवाज आधी. पान उघडताच तीन सेकंदांहून जास्त वेळ आवाज वाजणार असेल, तर तो थांबवण्याची किंवा कॉम्प्युटरच्या एकूण आवाजापासून वेगळा कमी करण्याची सोय हवी, असा १.४.२ हा नियम आहे. कारण साधं आहे. स्क्रीन रीडरही त्याच स्पीकरमधून बोलतो. ढोल-ताशा वाजत असताना ‘थांबवा’ बटण कुठे आहे हे सांगणारा आवाजच ढोलाखाली दबतो, आणि स्पीकर बंद करावा तर मार्गदर्शकच गप्प होतो. म्हणून व्हिडिओ आवाजासकट आपोआप सुरू होऊच नये. खरं तर आवाजाविनाही होऊ नये. झांकीचा एक छान स्थिर फोटो लावा, त्यावर मोठं ‘चालू करा’ बटण, आणि प्लेअरची नेहमीची बटणं दिसू द्या. शिवाय मुखपृष्ठ उघडताच पाहुण्याचा मोबाइल डेटा खर्च होत नाही.

आता लुकलुकणं. झांक्या म्हणजे दिव्यांचाच खेळ. नियम २.३.१ सांगतो, कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट नको. यामागे खरी घटना आहे. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉन या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण बारा वेळा आलटून-पालटून दाखवला गेला, आणि त्या संध्याकाळी सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुढे २००७ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या बोधचिन्हाच्या प्रचारफिल्ममधला एक तुकडा अशाच तक्रारींमुळे साइटवरून काढून घ्यावा लागला. ज्यांना प्रकाशाने झटके येतात त्यातल्या पुष्कळांना पहिला झटका येईपर्यंत आपल्याला हा त्रास आहे हे माहीतच नसतं. म्हणून ‘या व्हिडिओत लुकलुकणारे दिवे आहेत’ अशी पाटी लावून नियम पाळला जात नाही. पाटी लावा, पण व्हिडिओही दुरुस्त करा.

घाबरून सगळ्या झांक्या काढून टाकू नका. दिव्यांच्या बारीक माळा चमकतात तो सहसा धोका नसतो, कारण नियम क्षेत्रफळही मोजतो. १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर ३४१ बाय २५६ पिक्सेलचा चौकोन धरला, तर त्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त भाग एकाच वेळी झगमगतोय का, हे पाहायचं. धोक्याच्या जागा वेगळ्या असतात. मागच्या डीजेच्या गाडीवरचा स्ट्रोब (झपझप उघडमीट करणारा दिवा) सरळ कॅमेऱ्यात येतो आणि अख्खी फ्रेम पांढरी-काळी होते, ती एक. पूर्ण फ्रेमभर लाल दिवा उघडमीट करतो, ती दुसरी. गडद लाल रंगाला नियमात वेगळं मोजमाप आहे, कारण तो जास्त धोक्याचा. आणि तिसरी जागा एडिटिंगवाल्या पोराच्या हातातली. ढोलाच्या प्रत्येक ठोक्यावर पांढऱ्या फ्लॅशचं ट्रान्झिशन टाकायची हौस. झांकीत जेवढा झगमगाट नव्हता तेवढा एडिटिंगने तयार होतो. ते ट्रान्झिशन काढायला सांगा, स्ट्रोबची दृश्यं कापा. शंका उरलीच तर मेरीलँड विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरचं ‘पीट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर व्हिडिओ तपासून धोक्याच्या जागा दाखवतं.

कॅप्शनशिवाय व्हिडिओ चढवू नका. आपोआप तयार झालेली कॅप्शन हाताने तपासा. नावं आणि गाण्याचे बोल हमखास चुकतात. ‘ढोल-ताशांचा गजर’ हेही लिहायचं असतं, कारण ऐकू न येणाऱ्याला नुसतं रिकामं दृश्य दिसतं. दृष्टिहीनांसाठी निवेदनातच वर्णन आणा. ‘आता पाहा ही सुंदर झांकी’ म्हणण्याऐवजी ‘या गाडीवर समुद्रमंथन आहे, देव आणि असुर वासुकीला ओढताहेत, आणि मधला मंदार फिरतोय’ असं निवेदक बोलला, तर वेगळ्या ऑडिओ वर्णनाचा खर्चच वाचतो. डोळसांनाही कळतं की त्या गर्दीत नेमकं काय होतं.

आता काकूंचं गरगरणं. त्यांना ‘वयाप्रमाणे होतं’ म्हणून वाटेला लावू नका. भेरूघाटात गाडी लागते तसलाच हा प्रकार, फक्त उलट्या दिशेने. गाडीत पुस्तक वाचताना डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण वळतोय. स्क्रीनसमोर बसलेल्या काकूंचे डोळे म्हणतात सगळं सरकतंय, आणि कान म्हणतो मी खुर्चीत बसलोय. ज्यांचा तोलाचा भाग आजाराने किंवा वयाने नाजूक झाला आहे, त्यांना एवढ्यानेच मळमळतं, डोकं दुखतं, आणि ते पान मिटल्यावर लगेच जात नाही. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ आणलं तेव्हा मागे-पुढे सरकणाऱ्या पडद्यांमुळे धडधाकट तरुणांनीही चक्कर येत असल्याच्या तक्रारी केल्या होत्या.

त्रास कशाने होतो हे ओळखता आलं पाहिजे. पान सरकवताना मागचा फोटो वेगळ्या गतीने सरकतो तो पॅरॅलॅक्स परिणाम सगळ्यात वाईट. मग अख्ख्या पडद्याएवढा फोटो हळूहळू मोठा होणं, मजकूर डावी-उजवीकडून उडत येणं, गोल फिरणाऱ्या गोष्टी. ‘वर जा’ दाबल्यावर पान सुर्रकन वर धावतं, तेही यातच मोडतं आणि ते सगळे विसरतात. रंग बदलणं, हलकेच उमटणं, बटण दाबल्यावर ते किंचित दबणं यांनी सहसा काही होत नाही. म्हणून मी अध्यक्षांना सांगेन की साइट ‘जिवंत’ ठेवायला उमटणं आणि रंग एवढी सामग्री पुष्कळ आहे. तुमच्या यादीत पॅरॅलॅक्स लिहिलेला नाही, पण काकूंना पान सरकवतानाच त्रास होतो म्हणजे थीममध्ये तो बहुधा आहे. तो पहिला काढा.

उरलेल्यासाठी ब्राउझरच मदत करतो. फोन किंवा कॉम्प्युटरवर ‘हालचाल कमी करा’ अशी सेटिंग असते. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘मोशन’खाली, अँड्रॉइडमध्ये ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ या नावाने, विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’मध्ये. ती चालू असली की ब्राउझर साइटला ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ या मीडिया क्वेरीतून (सीएसएसमधल्या अटीतून) कळवतो. सफारीत २०१७ पासून, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून आणि क्रोममध्ये २०१९ पासून हे चालतं. म्हणजे ‘अजून सगळीकडे चालत नाही’ ही सबब डेव्हलपरकडून ऐकून घेऊ नका.

डेव्हलपरला एक मात्र नीट सांगा. आधी सगळी ॲनिमेशनं लिहायची आणि मग सेटिंगवाल्यांसाठी बंद करत सुटायचं, यात दोन-चार राहूनच जातात. उलटं करा. पान स्थिरच बनवा, आणि मोठी हालचाल फक्त ‘नो-प्रेफरन्स’च्या, म्हणजे ती सेटिंग चालू नसल्याच्या, अटीत लिहा. जुन्या थीमवर हे जमत नसेल तर बरेच जण ॲनिमेशनचा अवधी ०.०१ मिलिसेकंद करणारा तयार तुकडा चिकटवतात. तो चालतो, कारण ॲनिमेशन ‘संपलं’ असा निरोप वाट बघणाऱ्या जावास्क्रिप्टला (पान चालवणाऱ्या प्रोग्रामला) मिळत राहतो. पण त्यात आवर्तनांची संख्या एक करायला विसरलं, तर अखंड चालणारं ॲनिमेशन त्या वेगाने फडफडायला लागतं, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याच डोळ्यांवर येतं. सीएसएसमधला हा नियम जिफला (हलत्या चित्राला), कॅनव्हासला (कोडने रेखाटलेल्या चित्राला) आणि व्हिडिओला लागत नाही. तिथे जावास्क्रिप्टने वेगळं विचारावं लागतं. जिफसाठी ‘पिक्चर’ टॅगमध्ये त्याच अटीवर स्थिर चित्र देता येतं.

काकूंना ही सेटिंग माहीत असेल का? नसणारच. म्हणून पानाच्या वरच्या भागात, मेन्यूशेजारी, ‘हालचाल थांबवा’ असं एक बटण ठेवाच. एका दाबात सगळं थांबावं आणि ती निवड ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये राहावी, म्हणजे पुढच्या पानावर पुन्हा दाबावं लागणार नाही. हे एक बटण २.२.२ चा बराच भार उचलतं.

बाकीच्या गोष्टी भराभर. काउंटडाउनमधले सेकंद काढा, ‘गणेशोत्सवाला अमुक दिवस’ एवढं पुरे. आणि त्याला ‘आरिया-लाइव्ह’ चुकूनही लावू नका, नाहीतर स्क्रीन रीडर दर सेकंदाला आकडा वाचत बसेल. पळत वर जाणाऱ्या आकड्यांत खरा आकडा एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, आधीपासून लिहिलेला हवा. बऱ्याच थीममध्ये तिथे शून्य असतं आणि जावास्क्रिप्ट ते वाढवतं. स्क्रीन रीडरवाल्याला ऐकू येतं, ‘शून्य आजीव सभासद’. नेट हळू असलं तर डोळसांनाही तेच दिसतं! हीच गत सरकवल्यावर उमटणाऱ्या मजकुराची. स्क्रिप्ट अडकलं की अर्धं पान कोरं. मजकूर आधी दिसू द्या, सजावट नंतर. लुकलुकणाऱ्या ‘नवीन’च्या जागी साधा रंगीत शब्द आणि तारीख टाका, कारण दोन वर्षांपूर्वीच्या बातमीपुढे लुकलुकणारं ‘नवीन’ मी आपल्या गावातच पाहिलं आहे. लुकलुकणाऱ्या मजकुराचा ब्लिंक टॅग फायरफॉक्सने २०१३ मध्येच काढून टाकला. त्याचं भूत जिफच्या रूपाने मंडळांच्या साइटींवर वावरतंय.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण बैठकीत कोणीतरी विचारेल. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ मध्ये खासगी सेवा देणाऱ्यांचाही उल्लेख आहे, डिजिटल सुगम्यतेसाठी भारतीय मानक आयएस १७८०२ आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हे अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. मंडळावर उद्या कोणी खटला भरेल असं मला वाटत नाही. पण ज्या सभासदाकडून तुम्ही वर्गणी घेता त्याला फॉर्म भरता येत नाही, एवढं कारण मला पुरतं.

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, डेव्हलपर लागत नाही. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबने फॉर्मपर्यंत जाऊन पाहा. वाटेत फोकस दिसेनासा झाला की तिथे दोष आहे. पान ४०० टक्के मोठं करा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘रेंडरिंग’ या भागात हालचाल कमी असल्याची नक्कल करता येते; ती लावून पान उघडा आणि अजून काय हलतंय ते टिपा. मग त्या सभासदाला आणि काकूंना बोलवा, चहा-पोहे ठेवा, आणि ते वापरत असताना तुम्ही गप्प बसा. ‘तिथे वर बघा ना काकू’ म्हणालात की तपासणी संपली.

उरलं ते विजेट. कोपऱ्यात माणसाचं चिन्ह येतं, दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, ‘ॲनिमेशन थांबवा’ असंही एक बटण असतं. ते घेऊ नका. ते बटण सीएसएसची हालचाल बऱ्याचदा थांबवतं, पण जावास्क्रिप्टने फिरणारा स्लायडर त्याला सहसा जुमानत नाही, आणि ज्याला फॉर्मपर्यंत पोचता येत नाही त्याने आधी विजेटपर्यंत कसं पोचायचं? स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांकडे मोठी अक्षरं, रंग, आवाज हे सगळं स्वतःचं, सवयीचं आधीच असतं. विजेट उलट त्यात लुडबुड करतं. असलं साधन बसवलं की कोणतीही साइट नियमात बसते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. विक्रेता तुम्हालाही तोच दावा ऐकवेल, आणि वार्षिक वर्गणीचा आकडाही सांगेल. तेवढ्या पैशात पॅरॅलॅक्स काढणं, स्लायडर थांबवणं आणि ‘हालचाल थांबवा’ बटण बसवणं ही तिन्ही कामं तुमचा थीमवाला करून देईल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बिल येणार नाही. झांक्यांच्या व्हिडिओची कॅप्शन मंडळातल्या कॉलेजच्या मुलांना लिहायला द्या. फक्त शेवटी एकदा शुद्धलेखन कोणातरी जाणत्या आजोबांकडून पाहून घ्या.